आधीच्या भाडेकरूस

९ जानेवारी

आधीच्या भाडेकरूस,

नमस्कार. विनंती काही नाही, तक्रार विशेष.

तुम्ही सोडून गेलात त्या खोलीत मी एक तारखेपासून राहते. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. तुमच्या नावाची सात पत्रं दाराखालच्या फटीतून आत पडली होती, ती सोबत पाठवतेय. एक विमा कंपनीचं, दोन चष्म्याच्या दुकानाची, बाकीची मी पाहिली नाहीत. (पाहिली. पण नुसती पाकिटं.) पत्ता मालकीणबाईंनी दिला. देताना त्यांनी असा सुस्कारा टाकला की मला वाटलं, तुम्ही वारलात की काय.

आता तक्रार. बाथरूमच्या दाराला आतून कडी लागत नाही. ओट्यावरचा नळ कितीही आवळला तरी गळतोच. खिडकी वाऱ्याने अशी खडखडते की जीव नको होतो. आणि छताला, पलंगाच्या बरोबर उशाशी, हा एवढा थोरला हुक कशासाठी? पंखा म्हणावा तर तो मधोमध आहे. सकाळी डोळे उघडले की आधी त्याचं दर्शन. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यालाच विचारा." म्हणून विचारते.

उत्तर पत्रानेच द्या. फोन नंबर पाठवू नका. फोनवर माझा आवाज चढतो असं माझा नवरा म्हणायचा. नवरा आता नाही. म्हणजे आहे, ठणठणीत आहे, पण माझा नाही.

सध्याची भाडेकरू

*

१७ जानेवारी

सध्याच्या भाडेकरू बाईंना,

सप्रेम नमस्कार. पत्रं मिळाली, आभारी आहे. मी वारलेलो नाही. एका दवाखान्याच्या पाच मजली इमारतीत लिफ्ट बसवायचं काम चाललंय. लिफ्ट सुरू होईपर्यंत लिफ्टवाल्याने जिने चढायचे, अशी आमच्या धंद्याची तऱ्हा.

तुमच्या तक्रारी वाचून फार बरं वाटलं. चुकीचं लिहिलं, वाईट वाटलं. पण सगळं जागच्या जागी आहे हे कळलं.

बाथरूमचं दार: कडी घालताना दार उजव्या गुडघ्याने थोडं वर उचलायचं. डाव्या नाही, डाव्याने ते भिंतीला घासतं. नळ: पूर्ण आवळायचाच नाही. आवळला की रुसतो. पाऊण फिरवायचा आणि त्याच्याकडे लक्ष नाही असं दाखवायचं. खिडकी: जुन्या वर्तमानपत्राची चौपदरी घडी खालच्या फटीत. दुपदरी पडते, आठपदरी बसत नाही. पलंगाजवळची फरशी हलते, पाय जपून टाका. आम्ही पाच वर्षं असे प्रयोग करण्यात घालवलीत.

हुक मजबूत आहे. मीच बसवलाय. चार माणसं लोंबकळली तरी हलायचा नाही. कपडे वाळत घालायला वगैरे उपयोगी पडेल.

आपला,
आधीचा भाडेकरू

*

२ फेब्रुवारी

अहो लिफ्टवाले,

दार लागलं! गुडघ्याने! महिनाभर मी बाथरूममध्ये मोठमोठ्याने गाणी म्हणत होते. घरात दुसरं कोण आहे, तरी. सवय जात नाही.

नळही ऐकला. त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि मेला खरंच गप्प झाला.

तुम्ही तुमचं काम सांगितलंत म्हणून माझं सांगते. मी दात करते. कवळ्या. डॉक्टर लोक तोंडांची मापं पाठवतात, त्यावरून मी प्लॅस्टरचे साचे काढते, मेणात दात लावते, हिरड्यांना गुलाबी रंग देते. माणसं कधी दिसत नाहीत, नुसती तोंडं. पण साचा हातात घेतला की कोण झोपेत दात खातं ते मी सांगू शकते. तुम्हाला हसू येईल, पण अशांची मला फार दया येते. दिवसभर गप्प बसायचं आणि झोपेत चावायचं. माझे स्वतःचे दात मी कोणाला दाखवत नाही.

हुकाला मी वेलीची कुंडी टांगली. छान दिसते. कपडे वाळत घालायला म्हणे! पलंगावर ओले कपडे कोण टांगतं? लिफ्टवाल्यांचं डोकं तिरकंच चालतं वाटतं.

आणि "आम्ही पाच वर्षं" म्हणजे कोण कोण?

दातवाली

*

११ फेब्रुवारी

दातवाल्या बाईंना,

सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला. एक दिवस लिफ्टच्या खड्ड्यात बराच वेळ अडकलो होतो. तळमजल्याच्याही खाली एक खड्डा असतो, तिथे उतरून काम करावं लागतं.

आम्ही म्हणजे मीच. लिफ्टवाले स्वतःला आम्हीच म्हणतात, एकट्याने वजन उचलायचं नाही असा नियम आहे, त्यातून सवय लागते.

कुंडीचं पाणी उशीवर ठिबकेल, बेताने घाला. वेल बहुतेक चांगली वाढेल. त्या बाजूला दुपारी चारनंतर उजेड असतो. फेब्रुवारीत कमी, पण असतो.

शेजारच्या भिंतीतून संध्याकाळी सहाला खोकल्याचा आवाज येईल. घाबरू नका. ते शेजारचे आजोबा, ते खोकत नाहीत, हसतात. रेडिओ ऐकत असतात.

आपला,
लिफ्टवाला

*

१० मार्च

अहो लिफ्टवाले,

आजोबा खरंच हसतात हो! मी उगाच त्यांना औषध नेऊन दिलं. त्यांनी घेतलंही.

काल माझा वाढदिवस झाला. कितवा ते विचारायचं असेल तर विचारा, मी सांगणार नाही. ताईचा फोन आला. ताई म्हणजे थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि माझ्याशी बोलताना ऐंशी वर्षांनी. म्हणाली, "एकटीच आहेस ना? केक कोणाबरोबर कापलास?" मी म्हटलं, मैत्रिणी आल्या होत्या. कोण येतंय! मी एक पाव आणला, लोणी लावलं आणि खिडकीत उभी राहून खाल्ला. मग तुमची दोन्ही पत्रं काढून वाचली. खरं सांगते, घरात कोणी तरी आहे असं वाटलं. मला सांगणारं की बाई गं, इथे पाय जपून टाक, ती फरशी हलते.

चाळीस ओलांडल्यावर माणसाने असल्या गोष्टी लिहू नयेत. आता लिहिलं तर लिहिलं.

ताईच्या गावी दातांच्या कॉलेजात एक जागा निघायची आहे. ती मागे लागलीय, इथलं सोड आणि माझ्याकडे येऊन राहा. ताई जिवाला जीव देते, पण दिवसभर सूचनाही देते. तुम्हाला काय वाटतं?

दातवाली

*

१९ मार्च

दातवाल्या बाईंना,

वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा.

मार्च लागला म्हणजे आता सकाळी साडेसातला ऊन ओट्याच्या डाव्या कोपऱ्यावर येत असेल. बरोबर एका कपाएवढं. चहाचा कप तिथे ठेवून दात घासायला गेलं, तर परत येईपर्यंत चहा गरम राहतो. हे थट्टेत सांगत नाही. पंचवीस मार्चपासून ऊन सरकत सरकत डब्यांच्या फळीकडे जातं, मग कप फळीवर ठेवायचा.

ती हलणारी फरशी बसवून घेऊ नका. मालकीणबाई गवंडी बोलावतील, तो सगळीच उखडून ठेवील. राहू द्या.

बाकी क्षेम. दवाखान्याची लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत आली.

आपला,
लिफ्टवाला

*

६ मे

लिफ्टवाले,

कप ठेवला. चहा गरम राहतो. दीड महिना रोज ठेवतेय आणि रोज तुमच्याशी बोलतेय. आजोबांनी विचारलं, "कोणाशी बोलता हो?" आता सांगा, काय सांगू त्यांना!

मला आडवळणाने बोलता येत नाही, म्हणून सरळच लिहिते. ताईच्या गावची जागा निघाली. शनिवारी १८ तारखेपर्यंत मी हो किंवा नाही सांगायचं आहे. नाही म्हटलं तर दुसरं कोणी घेतील. पुन्हा असली संधी येणार नाही, हे मला कळतं. आणि तरी माझा पाय निघत नाही. खोलीत माझा जीव अडकलाय असं ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "एका गळक्या नळासाठी?" नळासाठी नाही. तुम्ही एवढे शहाणे आहात, तुम्हाला समजलं असेल.

१९ तारखेच्या रविवारी या. सकाळच्या गाडीने निघालात तर दीड वाजेपर्यंत पोहोचता. मला पाहा. मी काही फार बघण्यासारखी नाही, पण चहा चांगला करते. तुम्ही येणार असाल तर मी ताईला नाही सांगेन. येणार नसाल तर सामान बांधीन, रुसणार नाही, पत्रंही लिहीन.

उत्तर एका शब्दात द्या. तुमचं पाल्हाळ ह्या वेळी नको.

दातवाली

*

१३ मे
(पोस्टकार्ड)

बाई,

पत्र मिळालं. खूप विचार केला. तुम्ही फार चांगल्या आहात. मे महिन्यात टाकीचं पाणी तापतं, सकाळी लवकर भरून ठेवत जा. बहिणीला माझा नमस्कार सांगा. प्रकृतीला जपा.

येतो.

लिफ्टवाला

*

२३ मे

लिफ्टवाले,

शनिवारी मी ताईला फोन केला आणि सांगितलं, मी येत नाहीये. ताई म्हणाली, वेडी झालीस का? मी म्हटलं, हो. इतकी खूश होते की तिच्या सूचनाही गोड लागल्या.

रविवारी पडदे धुतले. सकाळीच, म्हणजे दुपारपर्यंत वाळतील. आजोबांना सांगून ठेवलं, आज हसू बेताने, पाहुणे आहेत. कप तुमच्यासाठी फळीवर ठेवला, कारण आता ऊन तिथे येतं, हे तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही आला नाहीत.

आधी म्हटलं, गाडी चुकली. मग म्हटलं, अपघात झाला. शेवटी राहवलं नाही, दवाखान्याचा नंबर शोधून फोन केला. म्हटलं, लिफ्टवाले बरे आहेत ना? तिकडची मुलगी म्हणाली, "आहेत की, समोरच चहा पितायत, देऊ का?" मी फोन ठेवला.

एका शब्दात उत्तर मागितलं होतं. तुम्ही एका शब्दात दिलंत. "येतो." मी ते कार्ड शंभरदा वाचलंय. त्यात दुसरं काय वाचायचं असतं ते मला सांगा. माझं मराठी कच्चं असेल. तुम्ही मला चांगली म्हणालात, पाणी भरायला सांगितलंत आणि येतो म्हणालात. शुद्ध मराठीत माणूस याहून स्पष्ट काय लिहितो?

आणि ताईच्या कॉलेजातली जागा सोमवारीच एका मुलीला दिली.

उत्तर पाठवू नका. पाठवा. काय ते खरं पाठवा.

*

२ जून

बाई,

मी निरोप घेत होतो.

शेवटचं पत्र म्हणून ते कार्ड लिहिलं होतं. तुम्हाला बहिणीकडे जाता यावं म्हणून. खाली "जातो" लिहायला पेन टेकवलं आणि हात धजेना. निघताना जातो कोण म्हणतं. घरातून बाहेर पडताना जन्मभर येतो म्हणत आलो, तेच लिहिलं. तुम्ही वर "एका शब्दात" म्हणाला होतात, ते डोक्यातून पार गेलं होतं. तुमचं पत्र वाचलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही.

आता खरं लिहितो. लिफ्टवाले स्वतःला आम्ही म्हणत नाहीत. तो नियम मी बनवला. आम्ही म्हणजे माझी बायको आणि मी.

दार गुडघ्याने उचलायची युक्ती तिची. नळाकडे पाठ करायची तिची. ओट्यावर कप ती ठेवायची. आजोबा खोकत नाहीत, हसतात, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं, मला दोन वर्षं कळलं नव्हतं. शेवटचे चार महिने ती पलंगावरून उठली नाही. सलाईनचा स्टँड सारखा पडायचा, त्या हलणाऱ्या फरशीमुळे. म्हणून मी वर हुक ठोकला. कामावरून पोलादी आणला, चार माणसांचा. ती म्हणाली, "एवढा कशाला? मी एवढी जड आहे का?" ऑक्टोबरात ती गेली. डिसेंबरअखेर मी खोली सोडली.

तुम्ही त्याला वेल टांगलीत. ते पत्र मी खड्ड्यात उतरून वाचलं आणि तासभर वर आलो नाही. वाईट वाटलं म्हणून नव्हे फक्त. तिथे काहीतरी वाढतंय, हे मला सहन होईना आणि सोडवेनाही.

त्या खोलीत पाऊल टाकणं मला जमणार नाही. जिन्यापर्यंतही जमणार नाही. तुम्ही नको म्हणून नाही. मला "नाही" एवढंच लिहायचं होतं आणि तेही नीट लिहिता आलं नाही. त्यापायी तुमची जागा गेली. क्षमा मागायलाही तोंड नाही.

लिफ्टवाला

*

१ जुलै

लिफ्टवाले,

महिनाभर लिहिलं नाही. रागाने नव्हे. आधी तिच्यासाठी रडले, मग माझ्यासाठी. दोन्ही एका दिवसात उरकत नाही.

वेल काढून आजोबांना दिली. हुक तसाच आहे. त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती आणि मला तसा अधिकारही नाही.

मग तुमची पत्रं काढून बसले. कार्ड धरून पाच. माझ्या कामात एक सवय लागते, साचा उलटासुलटा करून बघायचा, कुठे पोकळ आहे ते. तशी मी तुमची पत्रं बघितली. सगळं आहे त्यात. दार आहे, ऊन आहे, आजोबा आहेत. एक गोष्ट नाही. सहा महिन्यांत तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत. एकही नाही हो. मी वाढदिवस झाला म्हटलं, तुम्ही कितवा विचारलं नाहीत. मी म्हटलं, नवरा होता आणि आता नाही, तुम्ही का विचारलं नाहीत. मी विचारलं, जाऊ का ताईकडे, तुम्ही फरशीचं सांगितलंत. आणि मी एवढी बिनडोक, मला वाटायचं, केवढं लक्ष आहे ह्यांचं माझ्याकडे!

तुमचं लक्ष खोलीकडे होतं. तुम्ही तिच्याशी बोलत होता आणि मी मधल्यामध्ये उत्तरं देत होते. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. माणूस गेल्यावर माणूस भिंतींशीही बोलतो. पण मी भिंत नाहीये.

म्हणून आज ती खोली सोडली. मालकीणबाई रडल्या. म्हणाल्या, "ह्या खोलीत कोणी टिकतच नाही." नवा पत्ता वर लिहिलाय. ह्या नव्या खोलीबद्दल मी तुम्हाला काहीही सांगणार नाही. दार कसं लागतं तेही नाही. इथे तुम्हाला ओळखीचं काही सापडणार नाही, फक्त मी आहे.

माझ्याशी बोलावंसं वाटलं तर लिहा. नाही वाटलं तर लिहू नका. त्यावरून मला कळेल. मला फार वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणाला कोडं पडायला नको.

दातवाली

*

११ ऑगस्ट

बाई,

सहा आठवडे झाले. ह्या सहा आठवड्यांत पाच वेळा लिहायला बसलो. तारीख घातली, नमस्कार घातला आणि पुढे एक ओळ सुचेना. नळ नाही, खिडकी नाही, ऊन कुठे येतं ते ठाऊक नाही. पाचही कागद कोरे राहिले. तेव्हा कळलं की तुम्ही लिहिलंत ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तुम्हाला लिहीत नव्हतो. खोटं सांगून तुम्हाला बरं वाटायला लावणार नाही, एकदा केलं तेवढं पुरे.

मग तुमची पत्रं वाचायला घेतली. तुम्हाला वाटेल, पूर्वी वाचली नव्हती का. वाचली होती, पण खोलीचं कुठे लिहिलंय ते शोधत, बाकीचं ओलांडत. ह्या वेळी बाकीचं वाचलं. झोपेत दात खाणाऱ्यांची तुम्हाला दया येते, त्यावर मी मोठ्याने हसलो. सहा महिने उशिरा. दवाखान्याच्या पोरांना वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. तुम्ही वाढदिवसाला खिडकीत उभं राहून पाव खाल्लात, त्या ओळीपाशी मी थांबलो. मार्चमध्ये ती ओळ माझ्या हातात होती आणि मी तुम्हाला चहाचा कप कुठे ठेवायचा ते सांगत होतो. स्वतःची लाज वाटली. माझी बायको असती तर तिने मला फैलावर घेतलं असतं. ती सगळ्यांना प्रश्न विचारायची.

लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत पोहोचली. पुढच्या महिन्यात मला कुठे पाठवतील माहीत नाही. पत्ता कळवीन.

मी एक कागद घेऊन तुम्हाला विचारायचे प्रश्न काढलेत. सोळा झाले. तुमचे दात तुम्ही कोणाला का दाखवत नाही, तेही आहे त्यात. पण पहिला प्रश्न विचारल्याशिवाय बाकीचे विचारायला मला तोंड नाही. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका.

त्या रविवारी तुम्ही किती वेळ वाट पाहिलीत?

लिफ्टवाला

*

१७ ऑगस्ट

लिफ्टवाले,

मंगळवारपर्यंत.

रविवारी दीडपासून खिडकीत होते. तुम्ही कसे दिसता माहीत नाही, त्यामुळे रस्त्याने येणारा प्रत्येक माणूस तुम्ही असू शकत होता. एक उंच गृहस्थ दाराशी थांबले, तेव्हा मी जिन्यावरून धावत खाली गेले. ते मीटर बघायला आले होते. त्यांना मी चहा दिला. केलेला होता.

अंधार पडल्यावर मी स्वतःला समजावलं की त्यांनी रविवारी येतो असं कुठे लिहिलंय, नुसतं येतो लिहिलंय. सोमवारी कामावर ताप आहे म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटी रजा घेतली. दिवसभर तीच साडी. बदलायला गेले आणि नेमके तेव्हाच तुम्ही आलात तर, म्हणून. संध्याकाळी आजोबांनी भिंतीवर ठोकून विचारलं, "पाहुणे आले का?" मी म्हटलं, आले. त्यांनी रेडिओ बंद केला, आम्हाला बोलता यावं म्हणून. तो रात्रभर बंद राहिला.

मंगळवारी दुपारी दवाखान्यात फोन केला. मग पडदे काढून ठेवले आणि पलंगावर पडून रडले. ताईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी कोणाबरोबर तरी सुखात आहे. कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्यासारखं ते नाही.

तुम्ही विचारलंत. खूप दुखलं आणि खूप बरं वाटलं, दोन्ही एकदम.

आता दुसरा प्रश्न विचारा.

दातवाली